पहिलं नको, दुसरं नको

२९ ऑगस्ट, गुरुवार

बू सुमी आज मुलीकडे सुराबायाला गेली. गुडघा मोडलाय, सहा महिने तरी यायची नाही. जाताना मला हॉलची किल्ली दिली आणि दोन वह्या. एक आमच्या व्याख्यान मंडळाची. तिच्यात दर व्याख्यानानंतर 'कार्यक्रम उत्तम पार पडला, सर्वांचे आभार' असं लिहायचं असतं. बारा वर्षं तिनं तेच लिहिलंय. छप्पर गळून वक्त्याच्या टकलावर पाणी पडलं त्या दिवशीही तेच. दुसरी वही कोरी. म्हणाली, "तिउर, ही तुझी. तुला बोलल्याशिवाय राहवत नाही ते हिच्यात लिहीत जा. तेवढंच लोकांना कमी ऐकावं लागेल."

तर लिहिते. मी पंक्चरवाली. समुद्रापलीकडून, सुमात्राहून, भावाच्या दुकानात हाताखाली आले, ती तीस वर्षं झाली जावातल्या या सालातिगा गावातच आहे. इथं बाईला बू आणि बाप्याला पाक म्हणतात, तसं आता मीही म्हणते. आम्हा बाटाक लोकांना तोंड आहे असं इथले जावानी लोक म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, ते त्यांना जमत नाही.

शाळा तिसरीत सुटली. पुढची शाळा या हॉलमध्ये झाली, दर गुरुवारी दुपारी तीन वाजता, चहाच्या टेबलामागे उभं राहून. चंद्रामुळे समुद्र फुगतो हे मला तिथं कळलं. माणसाला मूत्रपिंडं दोन असतात हेही तिथंच. पूर्वी मला वाटायचं एकच असतं आणि ते डावीकडे.

किल्ली घेऊन निघाले तर वॉर्डप्रमुख पाक सुतोपो आडवा आला. त्यानं सतरा होले पाळलेत, गाणारे. माणसांपेक्षा त्यांच्याशी जास्त बोलतो.

"बू तिउर, गुरुवारी दुपारी हॉल तसा रिकामाच असतो, नाही का?"

"रिकामा कसा? व्याख्यान असतं."

"असतं, असतं. खुर्च्या रिकाम्या असतात म्हटलं. तिकडे पाखरांना गाण्याच्या तालमीला जागा नाही बिचाऱ्यांना."

"मग?"

"मग काही नाही. बघू या."

"बघू या म्हणजे काय? नीट सांगा."

नीट सांगायला त्याला पाव तास लागला. सप्टेंबरात चार गुरुवार. शेवटच्या गुरुवारी तीस खुर्च्या भरल्या तर हॉल आमचा. नाही भरल्या तर ऑक्टोबरपासून तिथं पिंजरे टांगायचे. एवढं बोलून त्याला घाम आला. आणि वर म्हणतो, "मनाला लावून घेऊ नका हं."

मनाला कशाला लावून घेऊ? पण माझी शाळा मी पाखरांना देणार नाही.

३१ ऑगस्ट, शनिवार

वक्ते गोळा करायला निघाले. सगळे पटापट मिळाले. बू सुमी उगीच सांगायची की यात दोन-दोन महिने जातात.

मासेवाला साहेब, बादलीत मासे पाळायचे यावर बोलणार. "हो हो, जमवतो" म्हणाला. दातांचा डॉक्टर म्हणाला, "मला कसलं जमतंय, मी साधा दातवाला." मी निघाले तर बायकोनं परसातून ओरडून सांगितलं की हे येतील, मी आणते. विद्यापीठातला मास्तर, डोंगराच्या पोटातली आग. त्यानं आधी नको नको केलं, पण तो बू सुमीचा भाचा, तिनंच फोनवर पाठ धरून त्याला कबूल करायला लावलं. काढेवाली बू पारियेम तर हसत "हो" म्हणाली, अगदी लगेच.

नकार एकच आला. पाक कसिमान. चौतीस वर्षं या गल्ल्यांतून पोस्टमन होता, आता घरी असतो. एकटाच. मला तर पहिल्यापासून ओळखतो. त्यानं चहा ठेवला, ग्लासवर झाकण. मी झाकण काढलं, प्यायले, विचारलं.

"छे हो बू, मी काय बोलणार? मी साधा पोस्टमन. माझ्याहून शहाणी माणसं पडलीत."

"बरं," म्हणाले, आणि यादीतलं नाव खोडलं. त्याच्यासमोरच खोडलं, उगीच लोंबकळत कशाला ठेवायचं. फाटकापर्यंत आला. काहीतरी विसरल्यासारखा उभाच राहिला. वय झालं.

२ सप्टेंबर, सोमवार

पाक कसिमान सायकल ढकलत दुकानात आला. मागचं चाक बसलं होतं. ट्यूब काढली, घमेल्यात बुडवली, सगळी फिरवली. एक बुडबुडा नाही.

"पंक्चर नाहीये."

"नाही? आश्चर्य आहे." मग बराच वेळ माझ्या पान्यांकडे बघत बसला. "चौथ्या गुरुवारी कोण आहे मग?"

"काढेवाली."

"अच्छा. चांगली बाई आहे." पुन्हा पाने. "मी परवा कपाट आवरत होतो. जुना टपालाचा कोट सापडला."

"विकायचाय?"

नको म्हणाला. हवा भरून दिली.

५ सप्टेंबर, गुरुवार

मासेवाला आला नाही. अकरा माणसं जमली होती. तीन वाजले, साडेतीन वाजले. फोन केला तर म्हणतो, "अरे, आज होय?" आवाजात इतकी गोडी की जाऊन त्याच्याच बादलीत त्याला बुडवावं. "तुम्ही हो म्हणाला होतात!" म्हटलं. "हो ना," म्हणाला.

अकरा जणांनी सोयाबीनचं तळलेलं तेंपे खाल्लं, शेंगा खाल्ल्या आणि 'छान झालं' म्हणून घरी गेले. काय छान झालं? मंडळाच्या वहीत लिहिलं: वक्ता आला नाही. सर्वांचे आभार.

९ सप्टेंबर, सोमवार

कसिमान परत. या वेळी पुढचं चाक. घमेलं, बुडबुडा नाही.

"वॉल खराब असेल," मी म्हटलं आणि नवा बसवला.

"असेल, असेल." मग म्हणतो, "हल्ली जुन्या पत्रांच्या गोष्टी फार मनात येतात हो बू. एकामागून एक."

"झोप लागत नाही का? कोमट दूध घेत जा."

तो हसला. या लोकांचं हसू म्हणजे बारीक छिद्राची ट्यूब. पाण्यात बुडवल्याशिवाय कळत नाही कुठून गळतंय.

१२ सप्टेंबर, गुरुवार

दातवाला आला, बायकोनं आणलाच. चौदा माणसं. त्यानं किडलेल्या हिरड्यांचे फोटो भिंतीवर दाखवले, खिडकीएवढे मोठे. हे खाण्याच्या आधी. केळीच्या पानातले गोड उंडे सगळे उरले. सहा मी घरी आणले, दोन खाल्ले आणि दात घासले.

दारात उभी राहून एकेकाला विचारलं, "खरं सांगा, आवडलं का?" "छान झालं, बू." "मग उंडे का नाही खाल्ले?" "पोट भरलं होतं, बू." चौदा जणांची पोटं एकाच वेळी भरली!

१८ सप्टेंबर, बुधवार

आज दुकान बंद ठेवलं आणि घरोघर फिरले. प्रत्येकाला एकच प्रश्न: "उद्या येणार की नाही? हो म्हणा नाहीतर नाही म्हणा." एकतीस जण हो म्हणाले, एकही नाही म्हणाला नाही. एकतीस! उद्या खुर्च्या कमी पडतील. चर्चमधून दहा जास्तीच्या आणून ठेवल्या.

संध्याकाळी कसिमान, मागचं चाक. मी घमेल्याकडे गेलेच नाही. "पाक, तुमच्या सायकलला काही झालेलं नाही. तुमच्याच गल्लीतलं पोर हवा सोडत असणार. कान पिळा त्याचा."

"पोर नाहीये," म्हणाला. "म्हातारा आहे."

"मग त्याचा पिळा."

१९ सप्टेंबर, गुरुवार

नऊ.

एकतीस म्हणाले, नऊ आले. त्यातले दोन झोपले. खुर्च्या मात्र चाळीस.

आणि मास्तर काय सुंदर बोलला! म्हणे जमीन म्हणजे ताटलीचे तुकडे, खालच्या आगीवर सरकत असतात. वर्षाला नखं वाढतात तेवढं. म्हणजे मी इथं आल्यापासून माझं गाव माझ्यापासून चार-पाच वीत सरकलं असेल, नाहीतर जवळ आलं असेल. विचारायचं होतं कुठल्या बाजूला सरकतं. चहा ओतत होते, राहून गेलं.

पाक सुतोपो मागच्या दारातून डोकावला. पट्टी घेऊन खिडकीची रुंदी मोजत होता. पिंजऱ्यांसाठी. मला बघून म्हणाला, "सहजच."

रात्री नीट जेवले नाही. दुसरं काही नाही, दुपारच्या शेंगा जड झाल्या असतील. हा हॉल गेला तर गुरुवारी दुपारी तीन वाजता मी काय करू? हवा भरू?

२० सप्टेंबर, शुक्रवार

सकाळीच काढेवालीकडे गेले. पुढच्या गुरुवारची आठवण करायला. "हो हो," हसली. मी तिच्या डोळ्यांत बघितलं आणि मासेवाला आठवला. "बू पारियेम, तुम्ही येणार नाही ना?" तिनं मला फुकट काढा दिला. म्हणजे नाहीच.

बू सुमीला फोन लावला. सगळं सांगितलं. शेवटचा गुरुवार, वक्ता नाही, माणसं नाहीत.

ती म्हणाली, "कसिमानला विचारलं नाहीस का?"

"विचारलं. नको म्हणाला."

"किती वेळा विचारलंस?"

"किती वेळा म्हणजे? एकदा. त्याचे कान चांगलेत."

ती अशी हसली, अशी हसली की गुडघा दुखून ओरडली. "अगं तिउर! तीस वर्षं झाली ना तुला इथं? पहिलं 'नको' आदबीचं असतं. दुसरं 'नको', विचारणाऱ्याला खरंच हवंय का ते बघायला. तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस जे बोलतो ते उत्तर!"

"आणि 'हो'?"

"पहिल्या झटक्यात हो म्हणाला तर समजायचं, यायचा नाही."

फोन ठेवला. माझा नवरा सुगेंग इथलाच, तो होता तेव्हा पाहुण्यांचं तोच बघायचा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. सहा वर्षं माझ्या घरात कुणी चहा प्यालेलं नाही! मी विचारते, "चहा?" ते म्हणतात, "नको." मी म्हणते, "बरं." मला वाटायचं माझ्या नळाचं पाणी यांना आवडत नाही. मयताला आलेली माणसंसुद्धा कोरडी गेली.

आणि सायकलची हवा. तो म्हातारा. मीच म्हटलं त्याचा कान पिळा.

तोंडावर पाणी मारलं आणि थेट कसिमानच्या घरी.

"पाक कसिमान, दुसऱ्यांदा विचारते. बोलणार का?"

तो दचकला. "अहो नको बू, घसा बरा नसतो माझा."

"ठीक. तिसऱ्यांदा विचारते. बोलणार का?"

"इतक्या लवकर?"

"मग किती वेळ थांबायचं असतं? मी बसते."

बसले. त्यानं चहा आणून ठेवला. मी झाकणाला हात लावला नाही. "घ्या ना." "नको." "घ्या हो, बू." "नको." माझ्या घशाला कोरड पडली होती, पण आज मी शिकायला आले होते. "घ्याच आता," म्हणाला तेव्हा एका घोटात प्यायले.

"आता विचारू?"

"विचारा."

"बोलणार?"

"आता तुम्ही इतकं म्हणताच आहात तर..." म्हणत उठला आणि कपाटातून कागद काढले. एकोणीस पानं, टपालाच्या सुतळीनं बांधलेली. वरच्या पानावर तारीख, ३१ ऑगस्ट. कपाटात कोट टांगला होता, कडक इस्त्रीचा.

मी म्हटलं, "सायकल कशी आहे?"

"आता बरी आहे," म्हणाला.

२३ सप्टेंबर, सोमवार

पाटीवर लिहून लावलं: 'गुरुवारी दुपारी तीन. पाक कसिमान, निवृत्त पोस्टमन. चौतीस वर्षांची पत्रं.' कुणाच्या दारात गेले नाही, कुणाला विचारलं नाही.

तासाभरात पाक सुतोपो दुकानात. "काय हो, हा पत्रांबद्दल काय बोलणार आहे?"

"मला काय ठाऊक."

"नावं वगैरे घेणार का?"

"येऊन ऐका."

"नाही, म्हणजे एकोणीसशे शहाण्णव सालचं वगैरे काही..."

"शहाण्णव साली काय झालं?"

"काही नाही, काही नाही," म्हणत पळाला. स्कूटरला हवा भरायला आला होता, ती तशीच राहिली.

त्याच्यामागून बू एन्दांग आली, वाण्याची बायको. तळलेली केळी घेऊन. तीस वर्षांत मला तिनं केळ्याची साल दिली नव्हती. "बू तिउर, माझं नाव नसेल ना त्यात?" मग बांबूवाला. मग दातवाल्याची बायको. सगळ्यांना एकच उत्तर दिलं. केळी चांगली होती.

२६ सप्टेंबर, गुरुवार

मोजली. अठ्ठावन्न माणसं. चाळीस खुर्च्या, बाकी उभी. पाक सुतोपो पुढच्या रांगेत बायकोच्या शेजारी, पंख्याखाली बसूनही भिजलेला. सगळे असे बसलेले की दातवाल्याकडे नंबर लागलाय.

कसिमान कोट घालून उभा राहिला. एकोणीस पानं टेबलावर ठेवली आणि त्यातलं एकही वाचलं नाही. नुसता बोलला. दारांबद्दल. कुठलं दार ठोकायच्या आधीच उघडायचं, कुठल्या दाराआड कुणी श्वास धरून उभं असायचं. कुणाचा कुत्रा खाकी कपड्यांवर धावून यायचा आणि सायकलच्या लाल टपालखोक्याला काही करायचा नाही. एक नाव त्यानं घेतलं नाही. पण प्रत्येकाला वाटे पुढचं वाक्य आपलं. "एक गृहस्थ स्वतःच स्वतःला पत्र लिहायचे, बायकोला वाटावं की आपल्याला कुणी विचारतं," असं म्हणाला तेव्हा पाक सुतोपोच्या बायकोनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं आणि हळूच त्याच्या हातावर हात ठेवला. शहाण्णव साल ते असावं.

मग म्हणाला, "आणि एक टायरचं दुकान होतं."

मी किटली खाली ठेवली.

"तिथं समुद्रापलीकडून आलेली एक मुलगी होती. हात काळे, कपाळावर आठ्या. तिच्या आईचं पत्र यायचं, गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. मुलीला वाचायला नीट येत नव्हतं, भावाला त्याहून कमी. ती पाकीट माझ्या हातात परत द्यायची आणि म्हणायची, वाचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मी सायकलवर बसूनच वाचायचो. कोंबड्या किती झाल्या, भात किती आला. आणि शेवटची ओळ कायम एकच. जो कुणी हे वाचून दाखवतोय, त्याला चहा दे."

अठ्ठावन्न माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली.

"ती विचारायची, चहा? मी म्हणायचो, नको. ती म्हणायची, बरं. अशी दोन वर्षं."

हॉल हसून फुटायचा राहिला. झोपणारे दोघेसुद्धा जागे होते.

"एके दिवशी तिनं पाकीट दिलं नाही. म्हणाली, आज मी वाचते. टायरच्या खोक्यांवरची अक्षरं लावून लावून शिकली होती. उन्हात उभी राहून वाचत होती, अर्धा तास, बोट ठेवून. मी थांबलो. त्या दिवशी या गल्लीची पत्रं उशिरा पोचली. कुणाचा खोळंबा झाला असेल तर आज माफी मागतो. शेवटची ओळ तिनं मोठ्यानं वाचली. मग वर बघितलं आणि म्हणाली, चहा? आणि मी गाढव, म्हणालो, नको."

टाळ्या किती वेळ चालल्या मला ठाऊक नाही. किटलीची वाफ डोळ्यात गेली होती. या हॉलमधली खिडकी नीट उघडत नाही, दुरुस्त करायला हवी.

चहा घेऊन त्याच्याकडे गेले.

"चहा."

"नको हो—"

"घ्या."

"अहो, खरंच नको—"

"घ्या, नाहीतर डोक्यावर ओतीन."

प्यायला. दोन ग्लास.

पाक सुतोपो म्हणाला, "गुरुवार तुमचाच, बू." पहिल्याच झटक्यात म्हणाला, म्हणून मी आणखी दोनदा विचारून घेतलं.

मंडळाच्या वहीत: कार्यक्रम उत्तम पार पडला. सर्वांचे आभार.

२९ सप्टेंबर, रविवार

चर्चमधून येताना कसिमान भेटला. म्हणे बू सुमीशी बोलणं झालं. पुढच्या महिन्यात एक गुरुवार मी बोलावं. पंक्चर या विषयावर!

"वेड लागलंय का? तिसरी शिकलेली बाई मी. नको."

२ ऑक्टोबर, बुधवार

कसिमान दुकानात येऊन पुन्हा विचारून गेला. सायकल ठणठणीत होती, चालवतच आला.

"नको म्हटलं ना एकदा," मी म्हटलं. "लोक हसतील. त्यात काय सांगायचंय? छिद्र जिथं दिसतं तिथं नसतं, हे सांगू? की पाणी स्वच्छ लागतं आणि ट्यूब सावकाश फिरवावी लागते, घाई केली की बुडबुडा निसटतो, हे? की भोवतालची जागा खरडल्याशिवाय ठिगळ धरत नाही?"

"बरं," म्हणाला आणि गेला.

बरं?

५ ऑक्टोबर, शनिवार

नाही आला.

८ ऑक्टोबर, मंगळवार

नाही. माझ्याकडून शिकला की काय, बरं म्हणायला?

मला काही बोलायचं नाहीये. एक जुनी ट्यूब धुऊन ठेवली, बाकी काही नाही. घमेलंही घासलं, ते तसंही घासायचंच होतं. चार पानं लिहून झालीत, ती आपली सहज.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आज सकाळी माझ्या स्कूटरचं मागचं चाक बसलं. नेमकं कसिमानच्या फाटकासमोर. पाण्यात बुडवून बघितलं नाही, बुडबुडा यायचा नाही हे ठाऊक आहे.

तो बाहेर आला. चाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काय झालं, बू?"

"वॉल खराब असेल."

"असेल, असेल," म्हणाला. मग फाटक उघडून धरलं. "चहा घेता?"

"नको," म्हणाले, आणि तिथंच उभी राहिले.